हात लावून बघणारे व्याही

लांबून काम करायची सोय हाताशी असताना त्या सोयीपायीच एस.टी.ची बाकं झिजवणारा आमच्या व्याह्यांसारखा माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा झाला नसेल. आमच्या सूनबाईंचे हे वडील लष्करात सिग्नलमध्ये होते. तारा ओढण्यापासून उपग्रहापर्यंत निरोप पोचवायचे जेवढे म्हणून प्रकार सरकारने काढले तेवढे सगळे त्यांनी हाताळले, सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि कडेगावजवळच्या आपल्या वाडीत ऊस आणि दोन म्हशी यांच्यात येऊन स्वस्थ बसले. हे स्वस्थ बसणं महिनाभर टिकलं. मग गावच्या दूध केंद्रावरचा कॉम्प्युटर बिघडला, तो त्यांनी दुरुस्त केला, आणि तिथून पुढे तालुक्यातल्या बहुतेक दूध केंद्रांचे आणि झाडून साऱ्या नातेवाइकांचे कॉम्प्युटर त्यांच्या हुकमतीखाली आले. कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर वेळोवेळी नवं केलं नाही तर ते नासतं, असं त्यांचं मत. त्यासाठी दारोदार फिरायला नको म्हणून त्यांनी घरच्या सोप्यात एक यंत्रणा बसवली. दर रविवारी सकाळी ती यंत्रणा सगळीकडे नवं सॉफ्टवेअर आपोआप धाडायची, ज्याचे त्याचे कॉम्प्युटर ते आपोआप बसवून घ्यायचे आणि व्याह्यांच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे आपोआप हिरवी खूण उमटायची. इतकं सगळं आपोआप झालं की व्याही उठायचे, पायात बूट घालायचे, कऱ्हाडला गाडी बदलून साताऱ्याला यायचे आणि आमच्या दारात उभे राहून म्हणायचे, "ताई, अपडेट बसलंय का न्हाई ते जरा हात लावून बगावं म्हटलं."

आता कॉम्प्युटर म्हटला की तो चालू असतो किंवा बंद असतो, एवढंच मला कळतं. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते, आणि यंत्राच्या पोटात काय चाललंय ही त्याची खासगी बाब आहे असं मानत आले. पण व्याह्यांनी सोयरीक जमल्यावर पहिल्याच भेटीत मला समोर बसवून धडा दिला. कॉम्प्युटर सगळे एका जातीचे नसतात. त्यांच्या आत जी मूळ व्यवस्था घातलेली असते तिच्यावरून त्यांच्या तीन जाती पडतात, आणि त्या व्यवस्थेचं जे चित्र पडद्यावर दिसतं त्यावरून त्या ओळखायच्या. "आवं ताई, जनावरासारखंच हाय," ते म्हणाले. "खिडकीवालं म्हंजी म्हस. समद्यांच्या दारात दिसंल, दूध बी भरपूर, पर पाण्यात बसली की तिच्या मनात येईल तवाच उठणार. सफरचंदवालं म्हंजी जर्सी. दिसाय लय देखणी, पर तिला पंखा पायजे, पेंड बी तिच्या पसंतीची पायजे. आन् पेंग्विनवालं म्हंजी खिलार बैल. ज्याच्या हाताला लागलाय त्याचंच ऐकणार, दुसऱ्यानं कासरा धरला की शिंगावर घेणार. आता ह्या तिघांस्नी एकाच वक्ताला एकच चारा घालून चालंल का?" मी म्हटलं, मुळीच चालणार नाही. नेमक्या आमच्या घरात तिन्ही जाती बांधलेल्या. ह्यांचा जुना खिडकीवाला, त्याच्यावर हे पत्ते खेळतात आणि विचारलं की वाचतोय म्हणून सांगतात. सूनबाई शाळेत चित्रकला शिकवते आणि घरी लग्नपत्रिकांची नक्षी करून देते, तिचं सफरचंदवालं. आणि आमचे चिरंजीव कॉम्प्युटरच्याच धंद्यातले, त्यामुळे त्यांचं पेंग्विनवालं. व्याह्यांच्या लेखी आमचं घर म्हणजे तीन मुलखांच्या सीमा जिथे भिडतात तसलं नाजूक ठाणं होतं. "बाकी समदं संबाळून घेता येतं," ते म्हणायचे, "पर सातारा सेक्टर लय सेन्सिटिव्ह हाय."

रविवारी सकाळी आम्ही चहाला बसलो रे बसलो की फोन वाजायचा. हॅलो हा शब्द व्याह्यांना लष्करात शिकवला नसावा. "कंट्रोल बोलतोय. मशिनी चालू हाईत का?" इथून सुरुवात. हा प्रश्न विचारण्याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे आमचे हे. ह्यांना खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची सवय आहे. एकदा वळवाच्या पावसात शेजाऱ्यांचा टीव्ही जळला, तेव्हापासून तर आभाळात मूठभर काळा ढग दिसला की हे घरभर फिरून एकूण एक पिना उपटतात. एकदा अपडेट निम्म्यावर आलेलं असताना ह्यांनी अशीच पीन उपटली. पुढच्याच मिनिटाला फोन. "पावणं, आवं ऑपरेशन चालू आसताना पेशंटची नळी काढली तुमी!" हे म्हणाले, "ढग आला होता." व्याही ओरडले, "कसला ढग? हितं कडकडीत ऊन पडलंय!" ह्यांनी शांतपणे सांगितलं, "कडेगावला पडलं असेल. माझी पीन साताऱ्यात आहे." त्या पेशंटला बघायला व्याही त्याच दिवशी दुपारी हजर झाले. तो बरा व्हायला संध्याकाळ झाली आणि तेवढ्या वेळात ह्यांना खुर्चीतून उठायची बंदी होती.

पण पीन उपटली नाही म्हणून ते यायचे राहत, असं नव्हे. पडद्यावर लाल खूण उमटली तर यावंच लागे. खूण उमटलीच नाही तर जास्त निकडीने यावं लागे. आणि हिरवी उमटली की त्यांना संशय येई. "ताई, गस्तीवरचा जवान वायरलेसवर 'सब ठीक' म्हणतोय, तवा एक तर खरंच सब ठीक आसतंय, न्हाईतर गडी झोपेत बोलतोय. जाऊन बगितल्याबिगर कसं कळायचं?" हा त्यांचा सिद्धांत आणि त्याला तोड नव्हती. मी एकदा विचारलं, मग ही एवढी यंत्रणा तुम्ही उभारली कशासाठी? ते म्हणाले, "आता यंत्रणा न्हाई म्हटल्यावर तपासायचं काय?"

येताना त्यांच्या खांद्याला एक मोठी खाकी पिशवी असायची. तिच्यात वायरी, पेचकस, जुन्या मशीनची आख्खी नक्कल साठवलेली डबी, आणि त्याच सगळ्यात गुंतलेल्या शेवग्याच्या शेंगा, काकवीची बाटली, कधी खरवसाचा डबा. कामाला बसले की हात मागे करून ते पिशवीत चाचपायचे, आणि पेचकस म्हणून शेवग्याची शेंग बाहेर यायची. तिच्याकडे ते क्षणभर तक्रारीने बघायचे आणि न बोलता माझ्या हातात द्यायचे. हिरवी खूण असली तरी ते अपडेट पुन्हा आपल्या हाताने बसवायचे, आणि ते चालू असताना स्वतः बसत नसत आणि दुसऱ्या कुणाला बोलू देत नसत. पडद्यावर ती पट्टी हळूहळू भरत जाते ना, तिच्यापुढे हात मागे बांधून उभे. चहा आणला तर तो टेबलावर निवायचा. पट्टी भरत आली की ते डोक्यावरची टोपी काढून हातात घ्यायचे, कारण त्यांच्या मते माणूस फसतो तो शेवटच्या टक्क्याला. आधी पडलेला माणूस उठून परत चालतो, पण शेवटी पडला की त्याला वाटतं आपण पोचलोच होतो, आणि तो उठतच नाही. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं की टोपी डोक्यावर, आणि मग तो गार चहा एका घोटात पोटात.

तिथी-वार मानण्यात आमचं घर आणि व्याही यांच्यात डावंउजवं करता यायचं नाही. शिराळ्याला आमच्या वन्संचं सासर. त्यांच्याकडच्या कॉम्प्युटरवर नागपंचमीला अपडेट पडणार असं कळल्यावर वन्संनी व्याह्यांना फोन करून बजावलं, की आज आमच्यात चिरत नाहीत, कापत नाहीत, खणत नाहीत, तेव्हा हेही करायचं नाही. व्याह्यांनी मुकाट्याने अपडेट पुढे ढकललं. "जुनं उकरून नवं घालायचं, म्हंजी खणल्यागतच की," ते मला म्हणाले. त्यातूनच त्यांच्या डोक्यात पुढची कल्पना निघाली आणि तिने भलताच घोटाळा केला. खंडेनवमीला आपण अवजारं पुजतो, त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाही. व्याह्यांनी हिशेब केला, की त्या दिवशी तमाम कॉम्प्युटर रिकामे असणार, मधे कुणी काही दाबणार नाही, तेव्हा वर्षातलं सगळ्यात मोठं अपडेट त्याच दिवशी उरकून घ्यावं. एवढे मोठे सुभेदार, पण पूजा कशी होते हे विसरले. आमच्या ह्यांनी आदल्या दिवशीच पीन काढून मशीन पुसून पाटावर ठेवलं होतं, कारण अवजाराला विश्रांती द्यायची तर ती पुरती द्यायला हवी. तशीच ती जिकडेतिकडे दिली गेली होती. दूध केंद्रं, शिराळा, सांगली, सगळीकडचे कॉम्प्युटर झेंडूच्या माळा घालून पाटावर गप्प बसलेले. एका केंद्रावर तर कुणीतरी मनोभावे टाकलेल्या अक्षता बटणांच्या फटीत गेल्या होत्या आणि पुढे कित्येक दिवस तिथे म्हशीचं दूध लिहायला गेलं की गाईचं उमटायचं. व्याह्यांच्या पडद्यावर त्या सकाळी एकही मशीन दिसेना. त्यांनी आम्हाला फोन केला. "ताई, आख्खी पलटण गायब हाय." मी म्हटलं, "पलटण पाटावर आहे, सुभेदारसाहेब. तुमच्या घरची कुठे आहे?" मग आतून विहीणबाईंचा आवाज आला, "मी आत्ताच पुजलंय ते. हळद वाळायची हाय, हात लावू नगा." दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ते आपट्याची पानं आणि पेचकस घेऊन आले आणि आमच्या तिन्ही मशीनना सोनं देऊन मगच कामाला लागले.

काम उरकलं की जेवण. जेवताना सूनबाई शेजारी वाढायला. बापलेकीचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं, कारण त्यात मशीनशिवाय दुसरा विषय नसायचा. तो लेकीला आक्का म्हणणारा बाप तिच्याकडे बघत बघत म्हणायचा, "आक्का, तुझ्या मशीनमदी जागा उरली न्हाई बग. लय कोंबलंयस." ती म्हणायची, "करते मोकळं, अण्णा." "आन् रातच्याला बंद करत जा. तापतंय." "हो अण्णा." मग आमटीचा भुरका. मग परत, "बॅटरी कशी हाय?" ती म्हणायची, "छान आहे." एवढ्याने त्यांचं समाधान व्हायचं. संध्याकाळच्या गाडीने परत. मुक्काम कधी केला नाही. पाऊस असो, गाडी चुको, आम्ही कितीही आग्रह करो, "म्हशी हाईत" एवढं म्हणून ते निघायचे. निघताना दारात लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायचा असायचा, तोही तिचं मशीन नीट बंद केलं का हे विचारता विचारता.

अशी बरी चाललेली गोष्ट बिघडवली ती आमच्या चिरंजीवांनी, आणि तीसुद्धा अत्यंत चांगल्या मनाने. एका मे महिन्यात व्याही उन्हाने लाल होऊन, गुडघा धरत जिना चढून आले. ते बघून आमच्या मुलाचा जीव कळवळला. सासऱ्यांना या वयात ही दगदग कशाला, म्हणून त्याने मनावर घेतलं आणि त्यांच्या यंत्रणेच्या जागी नवी, पक्की यंत्रणा बांधून दिली. तिच्यात म्हशीला वेगळी वैरण, जर्सीला वेगळी, खिलाराला वेगळी. नवं सॉफ्टवेअर आधी एका मशीनवर बसणार, ते धडधाकट आहे असं दिसलं तरच बाकीच्यांकडे जाणार. नवं रुसलं तर जुनं आपसूक परत येणार. वीज गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू. व्याही खास तपासणीला आले आणि दिवसभर त्यांनी जावयाला उभं धरलं. "लाइट गेली तर?" "परत येईल मामा, त्याचं ते उठेल." "नेट गेलं तर?" "थांबेल." "माणसानं मधीच बटण दाबलं तर?" इथे आमच्या ह्यांच्याकडे सगळ्यांनी बघितलं. "तरी काही होणार नाही," मुलगा म्हणाला. व्याह्यांनी स्वतः पिना उपटून बघितल्या, अपडेटच्या ऐन मधे मशीन बंद करून बघितलं, तिन्ही जातींना तीन तऱ्हेने छळलं. प्रत्येक वेळी मशीन शहाण्यासारखं उठून उभं राहिलं. शेवटी व्याह्यांनी टाचा जुळवून जावयाला सलाम ठोकला. "जावईबापू, लय चोख काम. आता कुणाची गरज न्हाई म्हणा की." आमचा मुलगा आनंदाने फुलून म्हणाला, "मामा, आता तुम्हाला इथे यायची कधीच गरज पडणार नाही!" व्याही हसले. त्या दिवशी ते नेहमीच्या गाडीच्या आधीच्या गाडीने गेले.

आणि मग ते आलेच नाहीत. आषाढ गेला, श्रावण गेला. नागपंचमीला अपडेट थांबवायचं तेही यंत्रणेने परस्पर थांबवलं, कारण मुलाने आख्खं पंचांग तिच्यात भरून ठेवलं होतं. रविवारचा फोन मात्र यायचा. पण कंट्रोलला आता विचारायला काही उरलं नव्हतं. "समदं हिरवं हाय," ते लेकीला सांगायचे. ती म्हणायची, "हो अण्णा." "तिकडं बी ठीक न्हवं?" "ठीक आहे अण्णा." आणि फोन संपायचा. सूनबाई फोन ठेवून थोडा वेळ तशीच बसायची. मी तिला विचारलं तर म्हणाली, "अण्णांचं बरं चाललंय आई. काही बिघडतच नाही." बोलली हसून, पण त्या हसण्याने मला दुपारभर चैन पडेना.

शेवटी मी विहीणबाईंना फोन लावला. व्याह्यांची तब्येत बरी नाही का, असं विचारलं. "तब्येतीला काय धाड भरलीया!" त्या म्हणाल्या. "दर रईवारी दाढी करत्यात, बूट काढून पुसत्यात, मशीनम्होरं बसत्यात. समदं हिरवं झालं की बूट परत फडताळात. दिसभर मग म्हशीवर वराडत बसायचं." मी म्हटलं, तपासणीला का येत नाहीत पूर्वीसारखे? त्यावर त्या हसायलाच लागल्या. "आवं ताई, तपासणी कसली? एवढी दूध केंद्रं हाईत, त्यातल्या एकाच्या बी दारात तपासाय कवा गेलं न्हाईत ते. समदं खाटेवर पडून करत्यात. तुमच्याकडचंच तेवढं हात लावून बगावं लागतंय म्हणत्यात." आणि त्याच पुढे म्हणाल्या, "मग काय करतील? लेकीच्या घरी काम नसताना जायची रीत हाय का आपल्यात? बिनकामाचं गेलं की लोक म्हणत्यात, लेक दिली आन् पाठनं आपुन बी गेला."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत राहिले. माझे वडील आठवले. माझं लग्न झाल्यावर ते साताऱ्याला यायचे ते बियाणं घ्यायला, डोळे तपासायला, कुणाच्या तरी कोर्टाच्या कामाला. आणि जाता जाता म्हणून माझ्याकडे. त्यांचे डोळे किती चांगले होते हे मला आज कळतंय. तेव्हा मी चहा टाकायची आणि विचारायची, काम झालं का? हा प्रश्न मी त्यांना किती वेळा विचारला असेल कोण जाणे. बाप लेकीला भेटायला येतो आणि त्याला काम झालं का म्हणून विचारायचं, आणि त्यानेही ते झालं म्हणून सांगायचं, ही कसली रीत आपण चालवली! मला स्वतःचा नाही पण त्या रीतीचा फार राग आला.

राग आला की मी काहीतरी करते. त्या रविवारी अपडेट रंगात आलेलं असताना, घरात कुणी नाही असं बघून, मी तिन्ही मशीनच्या पिना ओढून काढल्या. नेटची डबीही बंद केली. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी मुद्दाम बिघडवलं आणि मला छान वाटलं. आता दुपारी बूट वाजतील, म्हणून मी जास्तीचे तांदूळ निवडून ठेवले. तासाभराने आमचे हे आले आणि त्यांनी, जन्मात कधी नव्हे ते, सगळ्या पिना परत लावल्या आणि नेटची डबीही चालू केली. मशीनं उठली, त्यांनी आपलं आपण मागचं जुळवून घेतलं आणि निमूटपणे पुढे निघाली. मग फोन आला. "ताई, तुमच्याकडच्या वायरी निघालत्या वाटतं. काळजी करू नगा. त्यानं सोताच संबाळून घेतलं. समदं हिरवं झालं." मी चाचरत म्हटलं, "उंदरांनी काढल्या असतील." "तिन्ही वायरी? आन् नेटची डबी बी?" मी म्हटलं, "मोठा होता." "जावयानं काम मातूर लय चोख केलंय," ते म्हणाले. इतक्या पडलेल्या आवाजातली शाबासकी मी कधी ऐकली नव्हती.

मग मात्र मी आडवळण सोडलं. "सुभेदारसाहेब," मी म्हटलं, "पुढच्या रविवारी या."

"का? काय बिघडलंय?"

"काही नाही."

"मग?"

"मग काही नाही. या."

"आवं, पर असं मोकळं कसं यायचं, ताई? बरं दिसत न्हाई ते. लोक काय म्हंतील?"

"लोकांचं मी बघते. घर माझं आहे, सून माझी आहे आणि बोलावणं माझं आहे. ती तुमची वाट बघते. आम्ही दोघंही बघतो."

"बगतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी मी पुरण घातलं. ते आले नाहीत. विहीणबाई म्हणाल्या, बूट घालून कऱ्हाडपर्यंत गेले आणि परत आले. गाडी मिळाली नाही म्हणतात. कऱ्हाडहून साताऱ्याला गाडी मिळत नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. सूनबाईला मी यातलं काहीच सांगितलं नाही. एकदा वाट बघून झाली होती, ती मी एकटीने बघितलेली पुरे होती.

आणि एका बुधवारी, दुपार कलल्यावर, दार वाजलं. व्याही उभे होते. खांद्याला पिशवी नव्हती. त्यामुळे तो खांदा जरा वर आलेला आणि माणूस एका बाजूला झुकल्यासारखा दिसत होता. मी या म्हटलं, ते आले, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. ह्यांनी पेपर दिला तो त्यांनी घेतला आणि उलटा-सुलटा करून ठेवला. ह्यांच्या मशीनकडे एकदा बघितलं, अर्धवट उठले, परत बसले. हात गुडघ्यांवर ठेवले, मग छातीशी बांधले, मग पाठीमागे नेले, पण बसल्यावर हात पाठीमागे नेता येत नाहीत म्हणून पुढे आणले. चहा दिला तर तो गरम होता, आणि गरम चहा कसा प्यायचा हे त्यांना आठवेना. त्यांच्या नेहमीच्या गाडीची वेळ होत आली तसं त्यांचं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं. मी म्हटलं, "शाळा सुटलीय. येईलच." ते म्हणाले, "न्हाई, तसं काय न्हाई." आणि तिथेच बसून राहिले.

सूनबाई दार ढकलून आत आली. एक चप्पल काढलेली, दुसरी पायातच. बापाला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. वार बुधवार, खांद्याला पिशवी नाही, माणूस खुर्चीत बसलेला.

"अण्णा? काय झालं? काय बिघडलं?"

व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. हरवलेल्या माणसासारखे बघत होते बिचारे. मग लेकीकडे बघून म्हणाले, "काय न्हाई गं, आक्का. उगंच आलोय."

ती मग एका पायात चप्पल घेऊनच येऊन त्यांच्या पायाशी खाली बसली आणि रडायला लागली. व्याही फार घाबरले. "आगं, खरंच काय न्हाई. समदं हिरवं हाय," असं ते तिला परत परत सांगत होते. आमच्या ह्यांना काय करावं ते कळेना, म्हणून ते उठून बटणं बंद करायला निघाले. मी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, आणि आम्ही दोघं बराच वेळ तिथे काहीही न करता उभे राहिलो.

आता ते येतात. रविवारीच येतात असं नाही, आणि पूर्वीइतकं वरचेवर तर मुळीच नाही. काम असलं की माणूस झपाट्याने निघतो, नुसतं भेटायला निघताना त्याचा पाय दारात अडतो. तीनदा ठरवतात तेव्हा एकदा येणं होतं. मुक्काम अजून जमलेला नाही, म्हशी आहेतच. आल्यावर पहिला अर्धा तास त्यांना बसायचं कसं तेही कळत नाही, हात जागच्या जागी राहत नाहीत. मग सूनबाई शाळेतून येते, काही न बोलता समोर पेपर पसरते आणि त्यांच्या हातात मेथीची जुडी देते. ते चष्मा लावतात आणि एकेक पान खुडून, सगळ्या पानांची तोंडं एकीकडे करून, रांगेत लावत बसतात. ती शेजारी बसून शाळेतल्या पोरांच्या गमती सांगते. मेथी निवडून कधीच झालेली असते, पण दोघांपैकी कुणी उठत नाही, आणि मीही भाजीची घाई करत नाही.